प्रवेश मोजले, पदव्या कोण मोजणार?

जून-जुलै उजाडला की आपल्याकडं एकाच आकड्याची चर्चा असते. प्रवेश किती झाले? कुठल्या कॉलेजच्या जागा भरल्या, कुठल्या रिकाम्या राहिल्या, यादी कितीला बंद झाली. चौकाचौकात फ्लेक्स लागतात. पण तीन वर्षांपूर्वी ज्या पोरांनी प्रवेश घेतला होता, त्यांच्यातल्या किती जणांनी यंदा पदवी हातात घेतली, हा आकडा मी तरी धाराशिव जिल्ह्यातल्या कुठल्या फ्लेक्सवर किंवा पेपरात पाहिलेला नाही.

मी या जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात इतिहास शिकवला. पहिल्या वर्षाचा हजेरीपट जाडजूड असायचा आणि तिसऱ्या वर्षापर्यंत तो पातळ होत जायचा. स्टाफरूममध्ये याची कारणं तोंडपाठ होती. पोरांना शिकायचंच नाही, भरतीच्या मागं लागली, मोबाइलनं वाया गेली. पोरगी गायब झाली तर दोनच शब्द: लग्न झालं. या कारणांत तथ्य नाही असं नाही. पण सगळी कारणं पोरांकडं बोट दाखवणारी. कॉलेज, गाव, सरकार, एसटी यांच्याकडं कुणाचं बोट जात नाही.

म्हणून प्रश्न उलटा करून पाहू. या जिल्ह्यात गेल्या शंभर वर्षांत ज्यांनी शिक्षण पूर्ण केलं, ते कशाच्या आधारावर?

सुरुवात निजामाच्या काळापासून करावी लागते. हैदराबादचे विद्यापीठ १९१८ मध्ये स्थापन झालं, ते मीर उस्मान अलींच्या नावानं. आपल्या जिल्ह्यालाही त्याच राजाचं नाव. पण एकाच नावाच्या या दोन ठिकाणांमध्ये सामान्य शेतकऱ्याच्या पोराला ओलांडता न येणारं अंतर होतं. मराठवाड्यात कॉलेज म्हणावं असं औरंगाबादचं इंटरमिजिएट कॉलेज, तेही १९२३ चं, आणि इंटरपर्यंतच. पुढं पदवीला हैदराबाद. शिकायचं उर्दूतून. म्हणजे घरची भाषा एक, शाळेची दुसरी, आणि खायचं-राहायचं परक्या शहरात. या वाटेवर किती जण निघाले आणि किती पोचले याची कल्पना एका आकड्यावरून येईल: १९५१ च्या जनगणनेत हैदराबाद राज्यात साक्षरताच जेमतेम नऊ टक्के होती. पदवीधराची गोष्टच सोडा.

त्या काळातही आपल्याच जिल्ह्यात एक वेगळा प्रयोग झाला होता. लोहारा भागातल्या हिप्परग्याला १९२१ मध्ये राष्ट्रीय शाळा सुरू झाली. स्वामी रामानंद तीर्थ, तेव्हाचे व्यंकटेश खेडगीकर, पुढं तिथं मुख्याध्यापक झाले. शिक्षक आणि विद्यार्थी एकत्र राहायचे. ही शाळा सरकारच्या अनुदानावर नव्हे, शिक्षकांच्या अर्धपोटी राहण्यावर चालली. पुढं यातली मंडळी अंबाजोगाईला गेली आणि तिथलं काम वाढलं. हिप्परग्याचा इतिहास आपण मुक्तिसंग्रामाचा भाग म्हणून सांगतो, आणि ते बरोबरच आहे. पण खेड्यातल्या मुलाला शाळेत टिकवायचं तर आधी त्याच्या राहण्या-खाण्याचं बघावं लागतं, ही समजही तिथं होती.

१९३८ सालची एक गोष्ट या विषयात मला फार महत्त्वाची वाटते. औरंगाबादच्या इंटर कॉलेजच्या वसतिगृहात मुलांनी 'वंदे मातरम्' म्हटलं, मनाई झाली, आणि ते लोण हैदराबादपर्यंत पोचलं. शेकडो विद्यार्थी उस्मानिया विद्यापीठातून बाहेर काढले गेले. आजच्या भाषेत ही सगळी 'गळती'च. पण नागपूर विद्यापीठानं दार उघडलं, या मुलांना सामावून घेतलं, आणि अनेकांचं शिक्षण तिथं पूर्ण झालं. पुढं पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव या चळवळीतलेच. मुलं तीच, हुशारी तीच. एका विद्यापीठानं त्यांना बाहेर काढलं, दुसऱ्यानं आत घेतलं. संस्थेचा स्वभाव बदलला की विद्यार्थ्याचं आयुष्य कसं बदलतं, याचं इतकं स्वच्छ उदाहरण आपल्या इतिहासात दुसरं सापडणं अवघड आहे.

आपल्या जिल्ह्याला तेव्हा आणखी एक वाट होती, सरहद्दीपलीकडची. बार्शी आणि सोलापूर इंग्रजी मुलखात. सोलापूरला १९४० मध्ये दयानंद कॉलेज निघालं. बार्शीला कर्मवीर मामासाहेब जगदाळे यांनी बोर्डिंगच्या वाटेनं बहुजनांच्या शिक्षणाचं काम उभं केलं. साताऱ्याकडं भाऊराव पाटलांनी हेच केलं होतं. या माणसांचा क्रम लक्षात घ्या: बोर्डिंग आधी, कॉलेज नंतर. भूक आणि निवारा हे शिक्षणाबाहेरचे प्रश्न आहेत असं त्यांनी कधी मानलंच नाही. वाशीच्या कॉलेजला आज मामासाहेबांचं नाव आहे.

१७ सप्टेंबर १९४८ ला निजामी राजवट संपली. दोन वर्षांत मराठवाड्यात दोन मोठी कॉलेजं निघाली. नांदेडला पीपल्स कॉलेज आणि औरंगाबादला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं कॉलेज, म्हणजे मिलिंद. दोन्ही १९५० ची. मिलिंदच्या नागसेनवनात वर्गखोल्यांइतकीच वसतिगृहं महत्त्वाची होती. गावाबाहेरच्या वस्तीतून येणाऱ्या मुलाला शहरात कुणी भाड्यानं खोली देणार नाही, हे बाबासाहेबांना पुस्तकातून कळलेलं नव्हतं. ते त्यांनी भोगलं होतं. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ मध्ये सुरू झाली, तीही त्यांच्याच प्रयत्नातून. एका पिढीत मिलिंदनं लेखक, प्राध्यापक, अधिकारी दिले. त्यामागं शिकवणारे होते, तसंच राहायला खोली होती आणि शिष्यवृत्तीही होती.

मग २३ ऑगस्ट १९५८ ला पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचं उद्घाटन झालं. तोवर इथल्या कॉलेजांचे कागद हैदराबादला जायचे. त्याच सुमारास यशवंतराव चव्हाणांच्या सरकारनं वर्षाला १२०० रुपयांपेक्षा कमी उत्पन्न असणाऱ्यांच्या मुलांना फी माफ केली. आमच्या आधीच्या पिढीच्या तोंडी 'ईबीसी' हा शब्द 'ज्वारी' इतका सहज असायचा. तलाठ्याचा उत्पन्नाचा दाखला आणि ईबीसीचा फॉर्म, यावर पोरं शिकली.

साठ-सत्तरच्या दशकात कॉलेज तालुक्यापर्यंत आलं. बापूजी साळुंखे यांनी १९५४ मध्ये कोल्हापुरात सुरू केलेल्या श्री स्वामी विवेकानंद शिक्षण संस्थेनं धाराशिवला रामकृष्ण परमहंस महाविद्यालय काढलं. उमरगा, कळंब, भूम, परंडा, नळदुर्ग, मुरूम असं करत जिल्हाभर कला आणि वाणिज्यचे वर्ग सुरू झाले. गावातला पहिला पदवीधर, पहिली बी.ए. झालेली सून, पहिला वकील, पहिला मास्तर याच कॉलेजांनी दिला. आज या कॉलेजांना नावं ठेवणाऱ्यांनी एवढं विसरू नये.

पण इथंच एक गोष्ट हातातून निसटली. कॉलेज जवळ आलं म्हणून बोर्डिंगची गरज संपली, असं आपण धरून चाललो. पोरगं आता घरी राहणार, एसटीनं येणार-जाणार. म्हणजे पदवीचा सगळा भार एसटीवर आणि घरावर आला. मुक्कामी गाडी गावात असेल तर सकाळचा तास मिळतो. ती बंद झाली तर पहिले दोन तास बुडाले. दिवाळीच्या आसपास आई-बाप ऊसतोडीला निघाले, तर म्हातारी, लहान भावंडं आणि जनावरं सांभाळायला मोठी मुलगी मागं राहते. आपलं सेमिस्टर आणि साखर कारखान्याचा हंगाम दोघंही एकाच पोराकडं एकाच वेळी वर्ष मागतात. हंगाम जिंकतो.

इथं नामांतराचा उल्लेख टाळता येणार नाही. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या जळाल्या. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. सोळा वर्षं. अमेरिकेतल्या व्हिन्सेंट टिंटो नावाच्या अभ्यासकानं १९७५ मध्ये मांडलं होतं की विद्यार्थी कॉलेज सोडतो त्यामागं नुसते गुण नसतात. 'आपण इथले आहोत' असं त्याला वाटतं की नाही, यावरही ते ठरतं. आपल्याकडं ज्या पोरांना विद्यापीठाच्या नावावरून घरं जळताना बघावी लागली, त्यांना हा सिद्धांत कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

ऐंशीच्या दशकापासून चित्र वेगळं झालं. १९८२ मध्ये लातूर वेगळा जिल्हा झाला. राजर्षी शाहू आणि दयानंदसारखी कॉलेजं त्याच्याकडं गेली, आणि पुढं 'लातूर पॅटर्न' राज्यभर गाजला. आपली चांगल्या गुणांची पोरं दहावीनंतर लातूरला जायला लागली. एसटीच्या टपावरून, ड्रायव्हरच्या केबिनमधून त्यांचे डबे जायचे. जो घरून डबा पाठवू शकत होता, खोलीचं भाडं भरू शकत होता, तो गेला. उरला तो तालुक्याच्या कॉलेजात. म्हणजे विद्यार्थी कॉलेजात पाऊल टाकण्याआधीच वाटणी होऊन गेलेली.

१९८३ मध्ये वसंतदादांच्या सरकारनं विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. धाराशिवचं तेरणा इंजिनिअरिंग त्या लाटेतलं. १९८६ मध्ये तुळजापूरला टाटा समाजविज्ञान संस्थेचं, म्हणजे टिसचं, ग्रामीण केंद्र आलं. १९८९ मध्ये नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ निघालं आणि त्याची अभ्यासकेंद्रं आपल्याच कॉलेजांत सुरू झाली. २००१ नंतर नवी कॉलेजं 'कायम विनाअनुदानित' तत्त्वावर आली आणि तासिका तत्त्वावरचा मास्तर हा नवा वर्ग तयार झाला. २००४ मध्ये विद्यापीठाचं उपकेंद्र धाराशिवात आलं, २०२२ पासून शंभर जागांचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय.

आज एकाच जिल्ह्यात पाच-सहा तऱ्हेच्या संस्था आहेत. त्यांच्यात पदवी पूर्ण होण्याचं गणित वेगळं आहे, आणि ते का वेगळं आहे हे बघण्यासारखं आहे. शासकीय मेडिकलला लागलेलं पोरगं सहसा सोडत नाही. जागा मिळवायला घरानं जीव काढलेला असतो, कॅम्पसमध्ये दिवस जातो, आणि शेवटी डॉक्टरकी दिसत असते. इंजिनिअरिंगला सोडणं महाग पडतं, म्हणून पोरं बॅकलॉग घेऊन वर्षानुवर्षं लटकतात. शिष्यवृत्तीची रक्कम उशिरा आली की फीसाठी तगादा सुरू होतो. कला शाखेत फी कमी, म्हणून येणं सोपं आणि सोडणंही तितकंच सोपं. कुणी विचारायला येत नाही. मुक्त विद्यापीठ दहावी-बारावी न झालेल्यालाही वाट देतं, हे त्याचं मोठेपण. पण तिथं कोण सोडून गेलं हे वर्गातल्या रिकाम्या बाकावरून दिसत नाही. फक्त पुढच्या वर्षाचं नाव नोंदलं जात नाही.

आणि राष्ट्रीय दर्जाची संस्था असली म्हणून प्रश्न सुटत नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये टिसच्या चारही कॅम्पसमध्ये, तुळजापूरसह, विद्यार्थ्यांनी वर्गांवर बहिष्कार टाकला. मुद्दा अभ्यासक्रमाचा नव्हता. शिष्यवृत्तीधारक विद्यार्थ्यांना वसतिगृह आणि भोजनाच्या शुल्कात मिळणारी सवलत बंद झाली होती. म्हणजे पुन्हा तेच. राहणं आणि खाणं.

म्हणून 'अमुक कॉलेजात गळती जास्त, म्हणजे ते वाईट' असं सरळ म्हणता येत नाही. ज्याच्या दारात ऊसतोड्याची पोरगी येते आणि ज्याच्या दारात राज्याच्या गुणवत्ता यादीतलं पोरगं येतं, त्या दोन संस्थांना एका फूटपट्टीनं मोजणं अन्याय आहे. पण याच कारणानं कुठलीच फूटपट्टी लावायची नाही, हेही चालणार नाही.

पोरींचं गणित तर आणखी कठीण. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत आपल्या जिल्ह्यातल्या २०-२४ वयाच्या दर तिघींपैकी एकीपेक्षा जास्त जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं दिसलं. ज्या उरतात त्यांचा रस्ता बघा. अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींना एसटीचा पास मोफत, पण बारावीपर्यंत. म्हणजे गावाजवळच्या ज्युनिअर कॉलेजात जाईपर्यंत प्रवास फुकट, आणि तालुक्याला पदवीसाठी लांब जायची वेळ आली की पासाचे पैसे सुरू. सवलत असते, दोन तृतीयांश. तरी दर महिन्याला बापाकडं पैसे मागावे लागतात, आणि दर महिन्याला बापाला विचार करायला संधी मिळते. जुलै २०२४ मध्ये सरकारनं आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शंभर टक्के फी माफ केली. चांगलं झालं. पण परंड्याच्या खेड्यातून बी.ए. करणाऱ्या मुलीची अडचण फी नव्हतीच. तिची अडचण साडेसहाची गाडी होती.

कुणाला ही अतिशयोक्ती वाटत असेल तर २०२१ आठवा. कोविडनंतर २० ऑक्टोबरला कॉलेजं उघडली, आणि पंधरा दिवसांच्या आत एसटीचा संप सुरू झाला, तो एप्रिल २०२२ पर्यंत लांबला. संपाच्या मागण्यांविषयी माझं काही म्हणणं नाही, त्या माणसांची परवड मी बघितली आहे. पण ज्यांच्याकडं मोटारसायकल होती ती पोरं कॉलेजला आली आणि नव्हती ती घरी बसली, हे या जिल्ह्यानं पाहिलं. घरी बसलेल्या पोरींपैकी किती परत आल्या? कुणी मोजलं?

मोजलं नाही, कारण आपल्याकडं तशी पद्धतच नाही. देशपातळीवरच्या उच्चशिक्षण सर्वेक्षणातून प्रवेशाचं प्रमाण कळतं. २०२१-२२ मध्ये ते देशात २८.४ टक्के होतं, महाराष्ट्रात त्याहून बरंच जास्त. किती पास झाले हेही कळतं. पण २०२१ ला अमुक कॉलेजात आलेल्या पोरांपैकी २०२४ ला किती जण पदवी घेऊन बाहेर पडले, हा साधा हिशोब कॉलेजवार लोकांपुढं येत नाही. अमेरिकेत १९९० मध्ये कायदाच झाला की कॉलेजांनी हा आकडा जाहीर करायचा. त्यामुळं तिथं भांडण तरी आकड्यांवर होतं.

तिथलाच एक प्रयोग सांगतो. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीनं २००७ मध्ये आपल्या दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजांत, म्हणजे आपल्या तालुक्याच्या कॉलेजांचे चुलतभाऊ म्हणता येतील अशा ठिकाणी, एक योजना आणली. फीमधली तूट भरायची, पुस्तकं द्यायची, थोड्याच विद्यार्थ्यांमागं एक सल्लागार ठेवायचा, आणि शहराच्या बस-रेल्वेचा पास फुकट द्यायचा. सोडत काढून दोन गट करून तपासलं. तीन वर्षांत पदविका पूर्ण करणारे साध्या गटात २२ टक्के, योजनेतल्या गटात ४० टक्के. पोरं सारखीच होती. पास, पुस्तक आणि विचारपूस करणारा माणूस एवढाच फरक. मामासाहेब किंवा भाऊराव असते तर म्हणाले असते, हे आम्ही कधीच सांगितलं होतं.

आता हे सगळं आज लिहायचं कारण. नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२४-२५ पासून आपल्या संलग्न कॉलेजांतही पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्या वर्षानंतर पदविका घेऊन बाहेर पडता येतं. पुढं तीन वर्षांत परत येता येतं, सात वर्षांत पदवी पूर्ण करता येते. कल्पना म्हणून वाईट नाही. ज्याचं शिक्षण बापाच्या आजारपणात तुटलं त्याला परतीचं दार असणं चांगलंच. पण माझी भीती वेगळी आहे. उद्या ऊसतोडीपायी किंवा लग्नापायी पहिल्या वर्षानंतर थांबलेल्या मुलीच्या नावापुढं 'गळती' लिहिलं जाणार नाही, 'प्रमाणपत्र प्राप्त' लिहिलं जाईल. कागदावर प्रश्न संपेल. नागपूरनं १९३८ मध्ये दार उघडलं तेव्हा आत बसायला जागाही दिली होती. नुसतं दार उघडं ठेवून भागत नाही.

एक आक्षेप मला मान्य आहे. कॉलेजांना पदवीचा आकडा जाहीर करायला लावला तर काही ठिकाणी कॉपी करून तो फुगवला जाईल. आपण डी.एड.च्या काळात बघितलंच आहे. दोन हजारच्या दशकात गल्लोगल्ली कॉलेजं निघाली, पोरांनी अभ्यासक्रम पूर्णही केले, पण भरती थांबली आणि पदविका ट्रंकेत राहिल्या. तेव्हा नुसती पूर्णता हे यश नाही. पण अपुऱ्या आकड्यावर निदान प्रश्न विचारता येतो. आकडाच नसेल तर फक्त पोरांना शिव्या देता येतात.

म्हणून मागणं साधं आहे. प्रत्येक कॉलेजनं प्रवेशाच्या फ्लेक्सशेजारी तीन वर्षांपूर्वीच्या तुकडीतले किती जण पूर्ण झाले ते लिहावं, मुलं-मुली वेगळे, आणि अर्ध्यावर गेलेल्यांना एकदा फोन करून कारण विचारावं. मुलींचा मोफत पास पदवीच्या शेवटच्या वर्षापर्यंत न्यावा. एसटीच्या वेळा ठरवताना तालुक्याच्या प्राचार्यांना बोलवावं. ऊसतोड कामगारांच्या मुलींसाठी तालुक्याच्या ठिकाणी वसतिगृह असावं, निदान हंगामापुरतं. यातली एकही गोष्ट नवी नाही. मोठ्या इमारतीचा खर्चही फक्त शेवटच्या मागणीत आहे.

ज्यांची मुलं यंदा पहिल्या वर्षाला जाणार आहेत त्यांनी प्रवेश घेताना कॉलेजला फीसोबत हाही प्रश्न विचारा: मागच्या तुकडीतले किती जण पूर्ण झाले? उत्तर मिळालं नाही तरी विचारा. दहा पालकांनी विचारलं तर अकराव्यासाठी कुणीतरी रजिस्टर उघडेल.